धुक्याइतकं ओलं फडकं

मावशी बादली घेऊन आतल्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या. आदल्या संध्याकाळी त्या खोलीत नवी जमीन बसली होती. फिकट ओकचा रंग, मधेच एखादी गाठ, गाठीभोवती वळसा घेत गेलेल्या रेषा. मावशींनी बादली खाली ठेवली, पण बाहेर, जुन्या फरशीवर. मग फडकं हातात तसंच धरून माझ्याकडे बघितलं. "ताई, हे पुसायचं का नुसतं बघायचं?"

तीन महिने मी रंग, जाडी, दर आणि हमीचे कागद गोळा करत होते. या जमिनीला पाणी चालत नाही हेही मला पाठ झालं होतं. ज्यांच्या हातात तिचं पुढचं आयुष्य होतं, त्या मावशींशी मात्र मी एका शब्दाने बोलले नव्हते. दुकानदारानेही त्या तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं की तुमच्याकडे फरशी कोण पुसतं, आणि कशी पुसतं?

सुरुवात आईच्या पायांपासून झाली. आमचं घर कोथरूडमधल्या 1986 सालच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सगळीकडे दहा इंची मोझॅक फरशी. पांढुरक्या सिमेंटमध्ये काळ्या-तपकिरी संगमरवराच्या चिपा. आई आता एकोणऐंशीची आहे. डिसेंबरात पहाटे उठून पलंगावरून पाय खाली टाकला की "आई गं" असा एक उद्गार निघायचा, तो भिंतीपलीकडे मला ऐकू यायचा. पायमोजे घातले की घसरायची भीती, सपाता घातल्या की पायात अडकायच्या, आणि गालिचा टाकला तर काठी अडखळायची.

खरं तर फरशी काही खोलीतल्या इतर वस्तूंपेक्षा गार नसते. पहाटे फरशी, पलंगाची फळी आणि कपाटाचं दार सगळे एकाच तापमानाला असतात. फरक ऊब ओढून घेण्याच्या वेगाचा. दगड आणि सिमेंट तळव्याची ऊब भराभर शोषतात, लाकूड ती तशी ओढत नाही. जेवायला पाट मांडण्यामागे हेही असणारच. या नव्या जमिनीचा, म्हणजे लॅमिनेटचा, एक तुकडा आईच्या पायाखाली ठेवून हे समजावून सांगायला लागले, तर तिने मला मधेच तोडलं. "म्हणजे खोलीभर पाट मांडायचा, एवढंच ना?"

एवढंच.

*

धाकटी बहीण चौदा वर्षं श्टुटगार्टला असते. तिने आणि तिच्या नवऱ्याने स्वतःच्या घरातल्या दोन खोल्यांची जमीन एका शनिवार-रविवारात घरच्या घरी बसवली होती. तिकडे सुतार बोलावणं परवडत नाही, त्यामुळे लोक मोठ्या दुकानातून खोकी गाडीत घालून आणतात आणि गुडघ्यांवर बसतात. व्हिडिओ कॉलवर तिने मला खोक्यातून निघालेला सूचनांचा कागद दाखवला. त्यात एक जर्मन शब्द तिने बोटाने अधोरेखित केला: नेबेलफॉइश्ट. नेबेल म्हणजे धुकं, फॉइश्ट म्हणजे ओलसर. फडकं धुक्याइतकंच ओलं हवं. "फडकं फिरवल्यावर जमिनीवर जो ओलावा राहतो ना, तो बघता बघता उडून जायला हवा," ती म्हणाली. "तुमच्याकडे जमेल?"

तिच्या "तुमच्याकडे" या शब्दाचा मला जरा रागच आला. पण शंका रास्त होती.

आपल्याकडे जमीन आणि पाणी यांचं नातं रोजचं आहे. चिपळूणजवळच्या माझ्या आजोळी पावसाळा सरला की अंगणाची जमीन करत. माती उकरून, भिजवून, लाकडी चोपण्याने बडवून घट्ट करायची आणि वर शेणाचा काला. सारवायचं ते पोतेरं घेऊन, ओणव्याने, मागे मागे सरकत. पुढे देशावर शहाबादी आली. कर्नाटकातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड, राखाडी, थोडा खवल्यांचा; जितकं पाणी पडेल तितका खुलणारा. मुंबईत 1922 साली फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या भरात भारत फ्लोअरिंग्ज सुरू केली आणि परदेशातून येणाऱ्या नक्षीदार सिमेंट टाइलांना देशी जोड मिळाली. मग मोझॅक, मग राजस्थानातला कोटा, मग गुजरातेतल्या मोरबीहून ट्रक भरभरून येणारी चकचकीत व्हिट्रिफाइड. दगड बदलला, भाजणी बदलली, पण बादली तीच राहिली. मुंबईत लादी पुसतात, पुण्यात फरशी पुसतात, दिवाळीआधी तर सगळे मिळून धुतात. पाय न भिजता घर स्वच्छ झालं असं आपल्याला वाटतच नाही.

लाकडावर आपण चाललोच नाही असं नव्हे. वाड्यांच्या माडीवर तुळया, त्यावर कडीपाट किंवा तक्तपोशी असायची. पण त्या फळ्यांवरही बहुतेक ठिकाणी मातीचा थर घालून सारवत असत. लाकूड खालून दिसायचं, छत म्हणून. तळव्याला लागायची ती मातीच.

*

आता ही जमीन असते तरी काय? पुण्यातल्या दुकानांत सगळे तिला "वूडन" म्हणतात. लाकडाशी तिचं नातं आहे, पण चुलत. सगळ्यात खाली ओलावा अडवणारा आणि फळीला वाकू न देणारा कागद. त्यावर लाकडाच्या तंतूंचा राळेत मळून, तापवून, प्रचंड दाबाखाली केलेला घट्ट गाभा. त्याला एचडीएफ म्हणतात. त्यावर लाकडाचं छायाचित्र छापलेला कागद. गाठी, रेषा, रंग हे सगळं त्या छायाचित्रातलं. आणि सगळ्यात वर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर, ज्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते. सँडपेपरला धार येते ती याच पदार्थाने. पाय घासतात ते लाकडावर नव्हे, या पुडीवर.

ही गोष्ट आपण स्वयंपाकघरात आणि शाळेच्या बाकावर कधीच पाहिलेली आहे. सनमायका! ते खरं तर एका छापाचं नाव, पण आपण सरसकट सगळ्याच लॅमिनेटला चिकटवलं. या घराण्याचा मूळ पुरुष अमेरिकेतला. 1912 च्या सुमारास डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असा राळेचा पत्रा केला. अभ्रकाच्या, म्हणजे मायकाच्या ऐवजी, म्हणून फॉर्मायका. पुढे तो टेबलांवर चढला. दक्षिण स्वीडनमधली पर्स्टॉर्प ही कंपनी असेच पत्रे करायची. तिच्या एका गाजलेल्या पत्र्यावरची रेघोट्यांची गुंतवळ 1958 साली सिगवार्ड बर्नाडोट या, स्वीडनच्या राजघराण्यात जन्मलेल्या आरेखनकाराने काढली होती. याच कंपनीने 1977 साली टेबलावरचा पत्रा जमिनीवर उतरवला आणि 1984 पासून तो पर्गो या नावाने विकायला काढला. स्वीडिशमध्ये जमिनीला गोल्व म्हणतात. पर्स्टॉर्पमधला पर आणि गोल्वमधला गो.

तेव्हा फळ्यांच्या खाचांत डिंक भरून, पट्ट्यांनी आवळून त्या जोडाव्या लागत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या व्हेलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांनी डिंक न लावता एकमेकींत अडकणाऱ्या कडा आणल्या. फळी तिरकी धरायची, जिभळी खाचेत घालायची, खाली दाबायची, टक्. माझी बहीण शनिवार-रविवारात जमीन बसवू शकली ती या टक् मुळे. ही जमीन खालच्या फरशीला कुठेही चिकटवलेली किंवा ठोकलेली नसते. सगळ्या फळ्या मिळून एक मोठी चटई होते आणि ती फरशीवर नुसती पडून राहते. पुढचे सगळे घोळ आणि सगळी काळजी या एका गोष्टीतून येते.

*

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मी दोन दुपारी घालवल्या. तिथल्या एका दुकानदाराने मला बारा मिलिमीटरची फळी दाखवून तिच्यावर किल्ली ओढली. ओरखडा उठला नाही. मग त्याने विजयी मुद्रेने आठ मिलिमीटरची फळी बाजूला सारली. हे बरोबर नव्हतं. वरचं कातडं किती टिकेल ते जाडीवर ठरत नाही, त्याच्या दर्जावर ठरतं. तो एसी 1, एसी 2 असा चढत्या क्रमाने खोक्यावर छापलेला असतो. घरातल्या खोलीला एसी 3 पुरतो, दुकानाला एसी 4 घ्यावा. जाड फळी पायाखाली जरा भरीव वाटते आणि तिचा जोड पक्का असतो, हे खरं. पण बारा मिलिमीटरचा एसी 3 आणि आठ मिलिमीटरचा एसी 4 यांत झिजणार आधी जाड.

खोक्यावर आणखी एक अक्षर बघावं: ई 1 किंवा त्याहून चांगलं. गाभ्यातल्या राळेतून फॉर्मल्डिहाइडचा वायू झिरपतो, त्याची ही मर्यादा. 2015 साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या एका कार्यक्रमाने चीनमधून आलेल्या लॅमिनेटमध्ये तो मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. ज्या खोलीत एकोणऐंशी वर्षांची बाई दार लावून झोपणार, तिथे मला या अक्षराशी तडजोड नको होती. मी खोकं उघडून वास घेतला. दुकानदार हसला. हसू दे.

त्याने शेवटी एसपीसीचं नाव काढलं. दगडाची पूड आणि पीव्हीसी यांची ही फळी. तीही टक् करून बसते आणि तिला पाण्याचं भय नसतं. बाजार आता तिकडे झुकला आहे, आणि ज्यांच्या घरी बादलीशिवाय चालणार नाही त्यांनी तिकडेच झुकावं असं माझंही मत आहे. पायाला मात्र ती पाटासारखी लागत नाही. आईने दोन्ही तुकड्यांवर अनवाणी पाय ठेवून बघितला आणि लॅमिनेटकडे काठीने खूण केली.

कुठे बसवायची नाही ते लगेच ठरलं. स्वयंपाकघरात नाही, न्हाणीघरात नाही, देवघर हॉलमध्ये आहे म्हणून हॉलमध्ये नाही. अभिषेकाचं तबक, गणपतीच्या दिवसांत ओल्या दूर्वांची जुडी, पणतीतलं सांडलेलं तेल, यांना मोझॅकच बरी. फक्त आईची खोली.

*

खोली मोजली. लांबी 4,000 मिलिमीटर, रुंदी 2,980. म्हणजे साधारण 128 चौरस फूट. फळी 1,215 लांब आणि 195 रुंद, खोक्यात आठ फळ्या, एका खोक्यात वीस-साडेवीस चौरस फूट. कापाकापीत दहा टक्के जातात असं धरायचं, म्हणून सात खोकी. तिरकी मांडायची हौस असेल तर आणखी जास्त. मला नव्हती.

खरा हिशेब इथून पुढे. भिंतीपासून चहूबाजूंनी दहा मिलिमीटर मोकळे सोडायचे असतात. म्हणजे रुंदीत उरले 2,960. त्याला 195 ने भागलं की पंधरा पूर्ण रांगा आणि वर 35 मिलिमीटर. शेवटची रांग दोन बोटांची! इतकी अरुंद पट्टी नीट अडकत नाही, पाय पडला की उचलते. साधारणपणे पन्नास मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी ठेवू नये. मग काय करायचं? 195 आणि 35 मिळवायचे, 230 झाले, त्यांचे अर्धे 115. पहिली रांग 115 ची कापायची, मधे चौदा पूर्ण रांगा, शेवटची परत 115 ची. खोली दोन्ही भिंतींकडे सारखी दिसते. हे गणित मी रात्री वहीत मांडलं तेव्हा मला चौथीत गणित सुटल्यावर व्हायचा तसा आनंद झाला.

लांबीचं गणित आपोआप जमलं. पहिल्या रांगेत तीन पूर्ण फळ्या आणि 335 चा तुकडा. त्या फळीचा उरलेला 880 चा तुकडा दुसऱ्या रांगेच्या सुरुवातीला. असं केलं की शेजारशेजारच्या रांगांचे जोड एका रेषेत येत नाहीत. त्यांच्यात किमान एक फुटाचं अंतर हवं. विटांच्या भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसंच.

फरशी सपाट आहे का, ते दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून बघितलं. पट्टीखालून रुपयाची दोन नाणी एकावर एक सरकली तर तिथे खड्डा आहे, भरून घ्यावा लागेल. मोझॅक पूर्वी बसवल्यावर मशिनने घासत असत, त्यामुळे ती बऱ्यापैकी सपाट निघाली. मग किल्लीने एकेक फरशी वाजवत गेले. बहुतेक ठणठणीत. पलंगाखालच्या तीन बद्द बोलल्या. त्या उचलून परत बसवल्या.

ओल तपासायची रीत मला फार आवडली, कारण तिला काही लागत नाही. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक फरशीवर पसरायचं, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान सोळा तास हात लावायचा नाही. मी चार ठिकाणी लावलं आणि एक पूर्ण दिवस ठेवलं. तीन ठिकाणी कोरडं निघालं. न्हाणीघराच्या भिंतीजवळचं उचललं तर आतून दव धरलेलं, खालची फरशी काळवंडलेली. आठ वर्षं ती भिंत आम्ही रंगवत होतो आणि पोपडे "हवेमुळे" येतात असं म्हणत होतो! न्हाणीघरातले सांधे उकरून नव्याने भरायला पंधरा दिवस गेले, वाळायला तीन आठवडे. लॅमिनेट बसवायचं ठरवलं नसतं तर ही गळती कधी कळली असती, कोण जाणे.

तोवर दसरा आला. हे पथ्यावरच पडलं. पुण्याची हवा एप्रिलच्या दुपारी पापड वाळावा अशी, आणि जुलैत मीठ पाझरावं अशी असते. लाकडाचा तंतू हवेतली ओल पिऊन फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. ऐन मे महिन्यात बसवलेली चटई जुलैत पसरायला जागा मागते, ऐन जुलैत बसवलेली मे महिन्यात सांध्यांत फटी दाखवते. पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस मधले.

*

बसवायला आलेले मिस्त्री देवरियाचे, पुण्यात पंधरा वर्षं. दोन दिवस आधी त्यांनीच फोन करून खोकी घरी पाठवली होती आणि बजावलं होतं, खोलीतच आडवी ठेवा, उघडू नका. अठ्ठेचाळीस तास फळ्यांनी खोलीची हवा घ्यायची. आईने त्या दोन दिवसांत खोक्यांच्या चळतीवर आपलं औषधांचं तबक ठेवलं.

सकाळी नऊला काम सुरू झालं. आधी पातळ प्लास्टिक, पट्ट्यांचे काठ एकमेकांवर वीतभर चढवून. त्यावर दोन मिलिमीटरचा फोम, काठाला काठ लावून, चढवून नव्हे. मग मिस्त्रींनी भिंतीला दोरी लावली आणि मान हलवली. "मॅडम, भिंत सरळ नाही. बनवणारा घाईत होता." चार मीटरमध्ये बारा मिलिमीटरचा बाक होता. माझं 115 चं गणित त्यांनी वहीतून वाचलं, मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी फळी भिंतीलगत धरली, पेन्सिलीचं टोक लाकडाच्या एका ठोकळ्यावर टेकवून ठोकळा भिंतीवरून ओढत नेला, आणि भिंतीचा बाक जसाच्या तसा फळीवर उतरला. जिगसॉने त्या रेषेवर कापलं. फळीचा भिंतीकडचा काठ वाकडा, खोलीकडचा सुतासारखा सरळ. हे माझ्या वहीत नव्हतं.

भिंत आणि फळी यांच्यामध्ये दहा मिलिमीटरच्या पाचरी. पहिल्या तीन रांगांना दीड तास लागला. एकदा रेषा धरल्यावर काम पळायला लागलं. फळी तिरकी, जिभळी आत, खाली. टक्. जिथे सांधा केसभर उघडा दिसे तिथे कडेला लाकडी ठोकळा लावून हातोडीचा हलका ठोका. सरळ फळीवर हातोडी कधीच नाही. कड चेपली की तो जोड कायमचा गेला. शेवटच्या रांगेत हातोडी फिरायला जागा नसते. तिथे झेडसारखी वाकवलेली एक लोखंडी पट्टी फळीच्या मागे अडकवून आपल्याकडे ठोकतात. दाराच्या चौकटीशी पुष्कळ जण फळीला चौकटीच्या आकाराची खाच पाडतात. मिस्त्रींनी फळीचा तुकडा उपडा ठेवून त्यावर करवत आडवी टेकवली आणि चौकटच खालून तेवढी कापली. फळी आत सरकली. खाच दिसत नाही.

जमीन दहा मिलिमीटर वर आली, म्हणून दार अडकणार होतंच. ते उतरवून खालून रंधा मारला. हॉलकडच्या काठाला उतरती पट्टी लावली. आईची काठी तिथे ठेचकाळेल का, हे तिला स्वतः चार वेळा ये-जा करायला लावून बघितलं. न्हाणीघराच्या ग्रॅनाइटच्या उंबऱ्याशी सोडलेल्या फटीत सिलिकॉन भरलं. स्कर्टिंग भिंतीला ठोकलं, जमिनीला नव्हे.

भिंतीकडची ती दहा मिलिमीटर फट झाकली जाते, म्हणून कुणी तिचा विचार करत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी ठेकेदाराने फट सोडलीच नव्हती. शिवाय समोरासमोरच्या दोन भिंतींना दोन लोखंडी कपाटं, पुस्तकांनी गच्च भरलेली, आणि दारथांब्याचा स्क्रू सरळ फळीत. चटई चहूबाजूंनी जखडली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खोलीच्या मधोमध जमीन वर आली, पाय ठेवला की खाली जायची, उचलला की परत वर. घरातला सहा वर्षांचा मुलगा त्यावर उड्या मारत होता. आजोबांनी त्या खोलीत जाणं थांबवलं होतं. मिस्त्रींना मी हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. मीटरमागे दीड मिलिमीटर तरी सोडायचं, ते म्हणाले, आणि आठ-दहा मीटरपेक्षा लांब पसरायचं असेल तर मधे पट्टी टाकून तोडायचं. "लाकूड मेलं तरी श्वास घेतं, मॅडम." मग चहा प्यायला बसले.

संध्याकाळी साडेपाचला खोली झाली. अडीच फळ्या उरल्या. त्या फोममध्ये गुंडाळून पलंगाखाली ठेवल्या, कारण याच छापाचा, याच छटेचा माल पुढच्या वर्षी मिळेलच असं नसतं.

*

आता मावशींकडे. त्या दिवशी मी त्यांना बहिणीचा शब्द सांगितला, धुक्याइतकं ओलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "म्हणजे किती पिळायचं?" मी फडकं पिळून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून ते घेतलं आणि पुन्हा पिळलं. पाण्याची धार निघाली. मावशींची मनगटं तीस वर्षं फडकी पिळतायत. माझ्या "घट्ट"मध्ये अर्धा पेला पाणी शिल्लक होतं.

त्यांनी स्वतःच रीत ठरवली. आधी कोरडा झाडू, तोही मऊ कुंच्याचा, कारण वाळूचा एक कण पायाखाली घरंगळला की ओरखडा पाडतो. मग बाकी सगळं घर पुसून झाल्यावर, शेवटी, वेगळं फडकं, बादली हॉलमध्ये. दर दोन पावलांनी उठायचं, बाहेर येऊन पिळायचं, परत आत. वेळ जास्त जातो. पहिल्या महिन्याच्या शेवटी त्यांनी त्या खोलीचे पन्नास रुपये वाढवून मागितले आणि मी दिले. जमिनीचं बिल अठरा हजारांच्या आत बसलं होतं. या पन्नास रुपयांचा रकाना त्यात नव्हता. फिनेलचा त्यांना फार मोह होता. फिनेलने त्या मेलामाइनवर ढगाळ डाग राहतात, म्हणून तेही बंद केलं. "मग स्वच्छ झालं हे नाकाला कसं कळायचं?" हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे.

डिसेंबर आला. पहाटे भिंतीपलीकडून "आई गं" ऐकू येईना. त्याऐवजी काठीचा टॉक-टॉक आवाज येऊ लागला. मोझॅकवर काठी अशी वाजत नसे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात विचारलं, "वर कोण टाइपरायटिंग शिकतंय?" काठीच्या टोकाला जाड रबर बसवलं.

एप्रिलात मात्र एक दिवस दुपारी आई खोलीत दिसेना. उशी आणि चटई घेऊन ती हॉलमधल्या मोझॅकवर, देवघरासमोर, गाल फरशीला लावून गाढ झोपली होती. उन्हाळाभर तिने दुपार तिथेच काढली. मी काही बोलले नाही, पण तिनेच एकदा सांगितलं, "पाट जेवायला. झोपायला नव्हे."

यंदाचा जुलै आला तसा माझ्या पोटात गोळा होता. रोज सकाळी खोलीच्या मधोमध टाच दाबून बघायची. जमीन हलली नाही. सांधे जरा अधिक घट्ट झाले, एवढंच. नागपंचमीच्या आसपास मावशींनी मला हाक मारली. त्या न्हाणीघराच्या दाराजवळ ओणवल्या होत्या, फडकं बाजूला ठेवून तळहात जमिनीवरून फिरवत. "ताई, इथे बोटाला लागतंय."

मला काही दिसेना. मी खाली बसून बोट फिरवलं. एका सांध्याची कड नखाएवढीसुद्धा नाही, केसाएवढी वर आली होती, बोटभर लांबीत. वर बघितलं तर दाराच्या आतल्या बाजूला खुंटी, खुंटीला आईचा आंघोळीचा पंचा, आणि पंच्याच्या टोकाला एक थेंब, पडायच्या बेतात.

मावशींनी तो थेंब फडक्यावर झेलला. दुपारी मी खुंटी काढून न्हाणीघराच्या आतल्या भिंतीला लावली.